जमा कुणाच्या नावे?

'ठेव' हा शब्द आपण कन्नडिगांना दिला की त्यांच्याकडून घेतला, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. हुबळी-धारवाडच्या माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. आपण जिला अनामत रक्कम म्हणतो तिला विजेच्या कन्नड कागदपत्रांत 'भद्रता ठेवणी' म्हणतात. 'बाकी' तर दोन्हीकडे बाकीच, आणि आपली 'शिल्लक' तिकडे जाऊन 'शिल्कु' झालेली. देण्याघेण्याचे शब्द सीमेला फारसे जुमानत नाहीत. मग देण्याघेण्याची नीती तरी का जुमानावी?

प्रश्न तसा क्षुल्लक रकमेचा आहे. घरच्या विजेच्या खात्यावर आपले काही पैसे जादा जमा होतात. कधी मीटरचे वाचन चुकलेले असते. कधी मुलगा बंगळूरहून मोबाइलवरून बिल भरतो आणि इकडे वडीलही रांगेत उभे राहून तेच बिल भरून येतात. कधी अनामतीवरचे वर्षाचे व्याज खात्यात पडते. मग बिलावर रकमेमागे उणे चिन्ह उमटते. गंमत अशी की आपल्या लेखी जे जमा, ते बिलात उणे. घरातल्या वृद्ध माणसाला ते चिन्ह पाहून हटकून वाटते की आपलेच काही देणे राहिले. चौकशी केली तर ठरलेले उत्तर मिळते, "पुढच्या बिलात वळते होईल."

बहुतेक वेळा हे उत्तर वाजवीच असते. दाजीबान पेठेतला वाणी सुटे नाहीत म्हणून पाच रुपये वहीत मांडून ठेवतो, तेव्हा आपण कुठे वाद घालतो? उद्या पुन्हा त्याच्याकडेच जायचे असते. पण या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे पुढचे बिल. ते येणारच नसेल तर?

मुलाकडे पुण्याला कायमचे जाण्यासाठी घर मोकळे करणाऱ्या जोडप्याला पुढचे बिल नाही. आणि जुलै 2023 पासून कर्नाटकात दुसऱ्याही पुष्कळ घरांना ते उरलेले नाही. 'गृहज्योती' योजनेत 2022-23 मधल्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून, 200 युनिटांच्या आत, घरगुती वीज मोफत झाली. त्या मर्यादेत राहणाऱ्या घराला शून्य रुपयांचे बिल येते. अशा घराच्या खात्यावर तीनशे रुपये जमा असतील तर ते कशात वळते व्हायचे? शून्यातून तीनशे वजा केले तर उणे तीनशे, पुढल्या महिन्यातही उणे तीनशे. चिन्ह जागचे हलत नाही.

येथेच खरा नैतिक पेच उभा राहतो, आणि तो मी चारचौघांच्या बोलण्यात ऐकला आहे. "अहो, सरकार वीज फुकट देते, आणि वर तुम्ही तीनशे रुपये परत मागणार? जनाची नाही तर मनाची तरी!" बोलणारा मनाचा वाईट नसतो. घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा हा आपल्याकडचा जुना संस्कार त्याच्या तोंडून बोलत असतो. पण त्यात एक घोटाळा आहे. सवलत देते राज्य सरकार, तिची भरपाई ते वीज कंपनीला करते. आणि तीनशे रुपये आहेत त्या घराचे, ठेवलेले कंपनीपाशी. देणारा एक, देणेकरी दुसरा. एकाच्या दानातून दुसऱ्याचे कर्ज फिटत नाही. शिवाय योजना सुरू झाली तेव्हा घरांची आधीची थकबाकी माफ झाली नव्हती; ती ज्याची त्याने भरायची होती. जुने देणे जर पुसले गेले नाही, तर जुने येणे कोणत्या न्यायाने पुसले जावे?

कायद्याला यात संदिग्धता वाटत नाही. 1872 च्या करार कायद्याचे 72 वे कलम सांगते की चुकीने दिला गेलेला पैसा ज्याच्याकडे गेला त्याने परत केला पाहिजे. 2003 च्या वीज कायद्याचे 47 वे कलम अनामतीवर निदान बँक दराइतके व्याज द्यायला लावते आणि ठेवणाऱ्याने मागताच अनामत परत करायला सांगते. 62 व्या कलमाप्रमाणे ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कमही व्याजासकट परत मागता येते. तक्रार करायला गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर लोकपाल आहे.

पण कायद्याच्या फार आधी हा विचार आपल्याच मुलखात झालेला आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे इंग्रजांच्या न्यायालयांतही वारसाहक्काच्या कज्ज्यांत ती प्रमाण मानली गेली, म्हणून तिचे नाव तरी आपल्या ओळखीचे असते. त्या स्मृतीत ठेवीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ठेव राजाने नेली, दैवाने बुडाली किंवा चोरांनी लुटली तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही. मात्र धन्याने मागितल्यावरही दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर भरपाई द्यावी लागेल आणि तेवढाच दंडही. आणि दुसऱ्याच्या ठेवीवर जो परस्पर आपला चरितार्थ चालवील, त्याने ती वाढीसह परत करावी. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीत बसून ज्याने यावर भाष्य केले, त्याला आपले अनामतीवरचे व्याज समजावून सांगावे लागले नसते.

मला त्यात सर्वांत लक्षणीय वाटते ते मागण्याला दिलेले वजन. मागण्यापूर्वी आणि मागितल्यानंतर, ठेव तीच असली तरी, ठेवणाऱ्याची आणि राखणाऱ्याची नैतिक स्थिती बदलते. आपल्याला मात्र मागण्याची लाज वाटते. त्याला भाषाही थोडी जबाबदार असावी. मराठीत भिकारीही मागतो, सावकारही मागतो, मूलही मागते, क्रियापद एकच. कन्नडमध्ये 'केळु' हा धातू त्याहून नवलाचा आहे. विचारणे तोच, मागणे तोच आणि ऐकणेही तोच. एकाने केळायचे तर समोरच्यालाही केळावे लागते. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे न शिकवता कळते.

"सोडून द्या हो, तीनशे रुपयांसाठी दोन हेलपाटे, रिक्षालाच दोनशे जातील." हा हिशेब खरा आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. शंभर-शंभर रुपये दहा हजार घरांनी सोडले तर दहा लाख होतात, आणि ते कुणीही दान केलेले नसतात. त्याग करायला आपण काय टाकतो आहोत हे ठाऊक असावे लागते. कंटाळ्याला त्यागाचे नाव देण्याची आपली सवय मला फारशी आदरणीय वाटत नाही. ज्याला परवडते तो सोडतो, त्यामुळे मागणाऱ्यांची संख्या घटते, आणि मग जिला तीनशे रुपयांत महिन्याचे औषध आणायचे असते ती बाई खिडकीपाशी एकटी पडते आणि कटकटी ठरते.

अशा पैशावर बाहेरच्या जगात काय घडते तेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये घराघरांतून दरमहा ठरावीक रक्कम कापून घेण्याची पद्धत आहे; उन्हाळ्यात ती साठते आणि थंडीत खर्च होते. 2021 साली गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या दोन डझनांहून अधिक पुरवठादार कंपन्या बुडाल्या. ग्राहकांच्या साठलेल्या रकमा बुडू दिल्या गेल्या नाहीत हे खरे, पण त्याचा भार अखेर देशभरच्या सगळ्या ग्राहकांच्या बिलांवर पसरला. यातल्या काही कंपन्या लोकांच्या जमेवरच धंदा हाकत होत्या. सोदय परत करण्याची अट याच रोगावर होती.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद मागितले तर तो छळच असतो असे नाही. खाते दिवंगत वडिलांच्या नावे, घर तीन भावांचे, अर्ज एकाचा. पैसे कुणाच्या हाती द्यायचे? चुकीच्या माणसाला दिलेली ठेव ही परत केलेली ठेव नव्हे. शिवाय जिच्याकडे ठेव आहे ती संस्थाही बदलत आली. 1957 चे वीज मंडळ, 1999 चे प्रसारण महामंडळ, मग 2002 मध्ये आपल्या सात जिल्ह्यांसाठी झालेली हुबळीची वितरण कंपनी हेस्कॉम. ट्रंकेत मंडळाच्या काळातली अनामतीची पिवळी पावती निघाली तर ती कुणाची जबाबदारी? माझ्या मते उत्तर सोपे आहे. तारा, खांब, मीटर आणि ग्राहक ज्याने वारशाने घेतले, त्याने देणीही घेतली. मुलगा वडिलांचे घर घेतो आणि गहाणखत शेजाऱ्याला देतो, असे चालत नाही.

मात्र लहान रकमांपुरते तरी मागायला लावणेच चूक आहे असे मी म्हणेन. 2023 मध्येच 'गृहलक्ष्मी'चे दरमहा दोन हजार रुपये राज्यातल्या कुटुंबप्रमुख बायकांच्या बँक खात्यांत थेट जाऊ लागले. बँकांतही दहा वर्षे बेवारस राहिलेल्या ठेवींचा शोध ठेवीदाराला घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी 'उद्गम' हे संकेतस्थळ उघडले. देणेकऱ्याने धनको शोधावा, ही रीत अशक्य कोटीतली राहिलेली नाही.

तोवर अर्ज करावा लागतो. आपल्या घरांत तो बहुधा नातवंड लिहिते, कन्नडमध्ये, शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरांत: खाते क्रमांक, जमा रक्कम, बँकेचा तपशील, आणि वारसाचा प्रश्न असेल तर मृत्यूचा दाखला. खाली आजी सही करते ती मराठीत. एका प्रतीवर पोच घ्यायला तिला विसरू देऊ नये.