नोंद घेऊन पुढे जाणारे

मानवी देहावरील अनैतिक संशोधनाचा विषय निघाला की आपल्याला नाझी छळछावण्यांतील वैद्य आठवतात. त्यांच्यावरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता निर्माण झाली व स्वेच्छेच्या संमतीवाचून कोणावरही प्रयोग होऊ नये, हा दंडक जगापुढे आला. परंतु जेथे संशोधक कोणाला इजा करीत नाही, केवळ मदतीचा हात आखडता घेतो, तेथे काय म्हणावे?

अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालले. पेनिसिलिनचा उपाय हाती आल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. ती उघड फसवणूक होती. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण याहून वेगळे व विचाराला अधिक अवघड आहे.

तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी झाली नाही. ती कोठे करून घेता येईल, एवढे त्यांना सांगण्यात आले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने मरण पावल्या. तपासणी न झालेल्या गटातील ६४ जणी दगावल्या.

संशोधकांची बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. त्या खेड्यांत अशी तपासणी पूर्वीही नव्हती. म्हणून कोणाचे काही हिरावून घेतले नाही, असे ते म्हणतात. शिवाय या निष्कर्षांचा उपयोग पुढे अनेक देशांना झाला. हे खरे आहे. तथापि पॅप चाचणी या रोगाला आळा घालते, हे जगाला कित्येक दशके ठाऊक होते. मग गरिबाला पूर्वी काही मिळत नव्हते, हेच त्याला आताही न देण्याचे कारण होऊ शकते काय?

लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांत आठवा. याजकाने व लेव्याने त्या वाटसरूला मारले नव्हते, लुटलेही नव्हते. ते आले नसते तरी तो तसाच पडून राहिला असता. तरीही प्रभूने त्यांना निर्दोष म्हटले नाही. कारण त्यांनी त्याला पाहिले होते. ज्याने दुःखिताला पाहिले, त्याच्यावर ऋण चढले. मग जो त्याच्या घरी वर्षानुवर्षे जातो व वहीत त्याची नोंद करतो, त्याचे ऋण किती अधिक!

आपल्या मंडळ्यांतील कित्येक भगिनी परिचारिका आहेत. अशा अभ्यासाचा कागद एखाद्या निरक्षर स्त्रीच्या अंगठ्यापुढे ठेवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते. भगिनींनो, त्या वेळी तिच्या भाषेत तिला सांगा की, तुझ्या गटाला काय मिळणार नाही, आणि ते न मिळाल्याने तुझे काय होऊ शकते. एवढे सांगण्याची परवानगी नसेल, तर तो कागद पुढे करू नका.