बाळपणाचा पण

खेळाचा धंदा करावा काय, हा सुखवस्तु घरांतला वाद आहे. गरिबाच्या घरीं तो पोटाचाच प्रश्न असतो. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव फुटबॉलसाठीं लहानपणींच घर सोडून पुण्यास गेला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत भारतातर्फे खेळला. २०१९ सालीं इंग्लंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावास गेला. त्या जागतिक स्पर्धेंत आपला संघ तिन्ही सामने हरला. तरी मुलांचें कौतुक झालें, तें योग्यच. परंतु ज्यांची निवडच झाली नाहीं, त्यांनींहि बाळपण तितकेंच पणास लाविलें होतें. त्यांच्या शिक्षणाची, भाकरीची चिंता कोणीं वाहावी? यश आपलें म्हणून मिरविणाऱ्या समाजानें अपयशाचा भारहि उचलावा, असें आम्हांस वाटतें.