फळ ईश्वराकडे, सुई वैद्याकडे

उपचार आम्ही करतो, बरे ईश्वर करतो, अशा अर्थाची पाटी भारतातील असंख्य दवाखान्यांच्या भिंतीवर आढळते, आणि सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे याच्या नावावरही याच आशयाचे वचन सांगितले जाते. या पाटीत नम्रता आहे यात शंका नाही, परंतु तिच्यातून निघणारा प्रश्न साधा नाही. बरे करणे जर ईश्वराच्या हाती असेल, तर रोगी आला होता त्याहून अधिक आजारी होऊन परतला, तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा? आणि सुरक्षिततेची व गुणवत्तेची मानके, म्हणजे सुई कशी वापरावी, उपकरणे कशी निर्जंतुक करावीत, नोंदी कशा ठेवाव्यात याविषयी आधीच ठरवून दिलेले आणि बाहेरच्या माणसाला तपासता येतील असे नियम, या श्रद्धेला छेद देतात की तिच्यातूनच निघतात?

सुरतेच्या दक्षिणेकडील उधन्यात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. मुंबई–अहमदाबाद लोहमार्गातून ताप्ती खोऱ्याचा मार्ग येथेच फुटतो, आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशा वाटेने जळगावला जाणाऱ्या या रुळांवरूनच खानदेशातील हजारो कुटुंबे यंत्रमागाच्या आणि कापड रंगाई-छपाईच्या कामासाठी येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. मागावरची मजुरी सहसा मीटरवर मिळते आणि पाळी बारा तासांची असते. त्यामुळे ताप आलेल्या कामगाराला पूर्ण बरे होण्यापेक्षा उद्याच्या पाळीवर उभे राहणे अधिक निकडीचे वाटते, आणि ‘डॉक्टर, एक सुई मारून द्या’ ही मागणी गोळ्यांच्या आधी येते. अशा रोग्याला दवाखान्यात काय दिसते? डॉक्टर नावानिशी विचारपूस करतात, अडचणीत पैसे मागाहून घेतात, अहिराणी बोलणाऱ्या बाईचे म्हणणे समजून घेतात आणि त्यांच्या हाताला गुण आहे, हे दिसते. यांतली एकही गोष्ट क्षुल्लक नाही. सिरिंज नव्या वेष्टनातून निघाली की सकाळपासून पडलेल्या ट्रेमधून, अनेक मात्रांच्या बाटलीत वापरलेली सुई पुन्हा बुडाली का, ड्रेसिंगची कात्री ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत, ठरलेली मिनिटे राहिली की नुसती गरम पाण्यातून काढली, हे मात्र त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

न दिसण्याचे परिणाम गुजरातने पाहिलेले आहेत. 2009 च्या प्रारंभी तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा भागात हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी विषाणुजन्य कावीळ, फैलावली, अनेकांचे प्राण गेले, आणि संशय पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांवर स्थिरावला. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दीड ते सहा महिने जातात. आषाढात तापासाठी घेतलेल्या सुईची कावीळ मार्गशीर्षात दिसू शकते, आणि तोवर रोगी गावी जाऊन आलेला असतो, चार लग्नांत जेवलेला असतो, दहा ठिकाणचे पाणी प्यायलेला असतो. दोष त्या पाण्यावर जातो आणि उरला तर प्रारब्धावर, म्हणजे पूर्वकर्मांपैकी या जन्मात भोगायला आलेल्या वाट्यावर. ज्या सुईने ताप उतरला तिचे पुण्य डॉक्टरांच्या खात्यावर जमा होते आणि तिचे पाप रोग्याच्या दैवावर. दैवाच्या कल्पनेचा हा सर्वांत सोयीस्कर उपयोग आहे, आणि तो शास्त्राला धरून मात्र नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे संपूर्ण प्रदेश उजाड करणाऱ्या साथींचा आहे. तेथे शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयाला विचारतो की माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नाही. आत्रेयाचे उत्तर असे की, पूर्वीच्या देहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केलेले कर्म तो पुरुषकार, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, आणि ते सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषध, पथ्य व खबरदारी यांना काही अर्थच उरला नसता. गाडीचा उत्तम आसही अतिभाराने, खाचखळग्यांच्या रस्त्याने किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने मध्येच मोडतो, तसे माणसाचे अकाली मरण असते, असा दृष्टान्त तेथे येतो. हाकणाऱ्याचा दोष वेगळा मोजला जावा, ही त्यातली लक्षात घेण्याची बाजू आहे. उपचारशास्त्राने दैव नाकारलेले नाही, पण दैवाच्या नावाखाली सगळेच खपवण्याची सवलतही कोणाला दिलेली नाही.

पाटीचा अर्थ लावण्याची गुरुकिल्ली येथे सापडते. फळ आपल्या हाती नाही असे म्हणणाऱ्याजवळ स्वतःचे म्हणून कर्म तेवढे उरते, आणि म्हणून त्याच्या कर्माची तपासणी अधिक कठोर व्हायला हवी. बऱ्या झालेल्या रोग्यांकडे बोट दाखवून ती टाळण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद केलेला असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात, पुढचे परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोहोचणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरवले आहे. वापरलेल्या सुईला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण सांगताना शौच, म्हणजे शुचिता, हा गुण वैद्याबरोबरच परिचारकालाही लावला. उधन्यासारख्या ठिकाणी हा परिचारक म्हणजे बहुधा काम करता करता शिकलेला कंपाउंडर असतो, आणि पुष्कळदा सिरिंज तोच भरतो. सकाळी तसबिरीपुढे उदबत्ती लावण्यात अशा दवाखान्यात सहसा खंड पडत नाही. तेवढाच नेम हात धुण्याला आणि सुई कटरने तोडून पांढऱ्या डब्यात टाकण्याला लागला, तर मानकांचा बराच भाग पुरा होईल.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, घरच्या डॉक्टरांचे नाते विश्वासाचे असते, त्यात निरीक्षक आणि रजिस्टर आणले की ते नाते सुकते, आणि खर्चाचा बोजा थोडक्या पैशांत गरिबांना तपासणाऱ्यावरच पडतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे, आणि 2021 मध्ये गुजरात विधानसभेने रुग्णालये व दवाखाने यांच्या नोंदणीसाठी केलेल्या कायद्याच्या अंमलबजावणीत त्याचा विचार व्हायला हवा. नात्याचा मुद्दा मात्र 1994 च्या कसोटीवर घासून पाहावा लागतो. त्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली, लाखो लोकांनी शहर सोडले, आणि खासगी डॉक्टरांपैकीही पुष्कळांनी दवाखाने बंद केले, तर नवे सिव्हिल रुग्णालय, जेथे रोगी आणि डॉक्टर एकमेकांना नावाने ओळखत नव्हते, ते चालू राहिले. यावरून घरच्या डॉक्टरांवरची श्रद्धा खोटी ठरवणे अन्यायाचे होईल. कुटुंब घेऊन निघालेला माणूस तेव्हा डॉक्टर असो वा मागवाला, सारखाच घाबरलेला होता. तरीही व्यक्तीवरचा विश्वास त्या व्यक्तीच्या धैर्याइतकाच टिकतो, हे त्या आठवड्यांत दिसले. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त झाल्यावर महापालिकेने शहराचा कायापालट केला, तेव्हा सुरतकरांचा स्वभाव बदललेला नव्हता. अधिकारी रोज रस्त्यावर उतरून रोजचे काम रोज तपासू लागले होते.

मानके कोठवर पोहोचतात, हेही मान्य करावे लागते. डॉक्टर साथीत थांबेल की नाही हे कोणत्याही तपासणी-यादीत नोंदता येत नाही. त्याहून नित्याची अडचण अशी की, घाणेरडी सुई नियमांत पकडता येते, पण स्वच्छ आणि अनावश्यक सुई सहसा पकडली जात नाही. तिचे वेष्टन नवे असते, ती वापरून रीतसर तोडली जाते, रजिस्टरात तिची नोंद असते, आणि तरीही दोन दिवसांच्या विश्रांतीने उतरला असता तो ताप तिने उतरवल्याचा समज घेऊन रोगी पुढच्या वेळी पुन्हा तीच मागतो. वैद्याची वृत्ती कशी असावी हे सांगताना चरकाने मैत्री, करुणा आणि साध्य रोगाविषयीच्या उत्साहाबरोबर, जो वाचणार नाही त्याच्या बाबतीत अलिप्तता सांगितली. जो आपोआप बरा होणार आहे आणि तरी सुई मागतो आहे, त्याच्या बाबतीत काय करावे, हे मात्र त्या चौकटीत थेट येत नाही. उधन्यात ‘सुईची गरज नाही, झोप काढा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांचा रोगी शेजारच्या गल्लीत जातो, कारण सुईचे पैसे देण्याची त्याला सवय आहे आणि सल्ल्याचे देण्याची नाही.