माळ आणि मान

वारकरी सज्जनहो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी-दाजीपूरचे रान ही एके काळी संस्थानच्या शिकारीची जागा. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून मानली, त्यांत हेही आले. मग हा मान कोणाचा? गव्याला तर त्याची खबरही नाही! बाबांनो, तुळशीची माळ हे बक्षीस नव्हे. ती गळ्यात पडली की नेम सुरू होतो. हा मानही तसाच. रानाकाठच्या गरिबाने आपल्या गुरांची चराई आवरायची आणि आपण तिथे जाऊन कचरा टाकायचा, हे माळ घालून नेम मोडल्यासारखेच झाले. मान मिरवायचा नसतो, पाळायचा असतो.