हॉटसन हे आडनाव

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे गाव मराठी आणि कन्नड या भाषांच्या शिवेवर वसलेले असल्यामुळे त्या पंचक्रोशीत पाटील, हिरेमठ आणि शेट्टी ही आडनावे शेजारी शेजारी नांदतात. आणि त्यांतील पहिल्यात वतन, दुसऱ्यात मठ व तिसऱ्यात व्यापार दडलेला असल्याने, आडनाव ही कल्पना मुळात रक्तापेक्षा माणसाच्या समाजातील स्थानाशी निगडित होती, हे कोणाही विचारी मनुष्याच्या सहज ध्यानी यावे. चिटणीस, फडणीस, पोतनीस हे तर उघड उघड हुद्दे. १८१८ साली पेशवाई बुडाली, फड मोडले, कारकून घरी बसले. हुद्दे मात्र वंशपरंपरेने नातवंडांकडे चालत राहिले.

इंग्लंडातही प्रकार फारसा वेगळा नव्हता. कोणी धंद्यावरून, कोणी गावावरून, कोणी बापाच्या नावावरून ओळखला जाई. पुढे १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम काढला, आणि तोवर चंचल असलेली उपनावे कायम होण्यास कारकुनाच्या लेखणीचा मोठाच हातभार लागला. हॉटसन हे असेच एक विरळा इंग्रजी आडनाव. ते धारण करणारे सर अर्नेस्ट हॉटसन हे सनदी नोकर असूनही वन्य प्राण्यांचे नमुने जमविण्याचे शौकीन होते, आणि इराणी बलुचिस्तानातून त्यांनी मिळविलेल्या, उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याला ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० साली त्यांचेच नाव दिले. (कुलनामाची वारसदारी उंदराच्या भाऊबंदांकडे जावी, हा शास्त्राचा विनोद मला मोठा रुचकर वाटतो.)

मराठी मुलखात या आडनावाचा वारसा निराळ्याच वाटेने चालला. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी झाली. या चौघांत दुधनीच्या पेठेत शोभेल असे कानडी वळणाचे आडनाव आहे, मराठी आहे, मारवाडी आहे, आणि रूढ अर्थाने आडनावच नसलेला कुर्बान हुसेनही आहे. त्याच वर्षी २२ जुलैला, सोलापूरच्या त्या जुलमाचा सूड म्हणून, वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. साहेब बचावले, गोगट्यांना कारावास झाला, आणि लोक त्यांना ‘हॉटसन-गोगटे’ म्हणू लागले.

ज्याच्यावर शस्त्र उचलले त्याचेच नाव आपल्या नावापुढे कायमचे वागवावे लागणे, ही अवस्था पहिल्या दृष्टीला विपरीत भासते खरी. परंतु पाटलाला पाटील म्हणणारेही अखेर लोकच होते. गाव पाटलाला मान देई तो त्याच्या वतनाची सनद जाणून. गोगट्यांच्या बाबतीत मात्र सरकारी दफ्तराने जो गुन्हा म्हणून नोंदविला, त्यालाच लोकांनी बिरुद मानले, आणि त्यासाठी कोणत्याही दरबाराची मोहोर त्यांना लागली नाही.