अब्रूची किंमत की अन्यायाचे देणे?

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला पैशाच्या रूपाने नुकसानभरपाई द्यावी काय, हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसला तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातली एक जुनी अडचण आहे. ज्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते आणि माणूस या दुसऱ्या कोटीत मोडतो, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडले. मग देहावरील आक्रमणाची भरपाई रुपयांत मोजणे हा अब्रूचा सौदा ठरत नाही काय? लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या तालुक्यात, जिथे अशी गोष्ट घराबाहेर काढणेच कठीण असते, ही शंका अधिक टोचते.

शंका प्रामाणिक असली तरी तिच्यात एक गल्लत आहे. देवणी ज्या गोवंशामुळे ओळखली जाते त्या जातीच्या बैलाचा बाजारात सौदा ठरला आणि रक्कम हाती पडली, की विकणाऱ्याचा त्या बैलावरचा हक्क संपतो. भरपाईने हक्क संपत नाही. उलट, हक्क अबाधित होता, दुसऱ्याने तो बळाने मोडला आणि म्हणून तो देणे लागतो, एवढेच ती जाहीर करते. सौद्याच्या जातीची असते ती भावकीतली मिटवामिटवी, कारण तिथे पैसे देऊन तोंड बंद केले जाते आणि ते पैसेही अनेकदा घरातल्या पुरुषांच्याच हाती पडतात. अशी तडजोड शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात बजावले, ते यथायोग्यच होय.

पैसे कोणाच्या हाती पडतात, हा तपशील गौण नाही. सगळा प्रश्न तिथेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कन्यादूषणाच्या प्रकरणात दंडाखेरीज पित्याला भरपाई देण्यास सांगितले आहे, आणि बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या २२व्या अध्यायातही चांदीचे ५० शेकेल द्यायचे ते मुलीच्या बापालाच. दोन्हीकडे नुकसान झाले ते घराचे, असे गृहीत आहे. वसिष्ठ धर्मसूत्राने मात्र बळजबरी झालेल्या स्त्रीचा त्याग करू नये असे सांगितले. म्हणजे कलंक तिच्यावर नाही हे परंपरेतच मान्य झाले होते. पण कलंक नसेल तर तिचे देणे कोण लागतो, हा पुढचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर दिवाणी दाव्यात आहे. फौजदारी खटला राज्य चालवते आणि जिच्यावर अन्याय झाला ती त्यात केवळ साक्षीदार असते; दिवाणी दाव्यात ती स्वतः वादी असते आणि अपकृत्याबद्दल, म्हणजे कराराबाहेरील नागरी अन्यायाबद्दल, स्वतःच्या नावाने मागणी करते. शिवाय तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहिले जाते. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले, त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. परंतु बदलला तो शिक्षेचा आणि पुराव्याचा कायदा. त्या मुलीचे देणे कोणाकडे निघते, हा प्रश्न त्या मोठ्या वादातही मागेच राहिला.

आणि दावा जिंकला तरी वसुली होईलच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे राहते घर, औते आणि शेतीला लागणारी जनावरे जप्त होत नाहीत. गरिबाचे संरक्षण म्हणून ही तरतूद योग्यच आहे, पण तिच्यामुळे हुकूमनामा कागदावर राहू शकतो. म्हणून राज्याला पुढे यावे लागते. हावडा येथील रेल्वेच्या यात्री निवासात बांगलादेशी स्त्रीवर रेल्वे कर्मचाऱ्यांनी केलेल्या अत्याचाराबद्दल १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केला, आणि महाराष्ट्रात २०१३ साली अशा स्त्रियांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना सुरू झाली. तथापि राज्याने दिले म्हणून गुन्हेगार मोकळा होऊ नये. राज्याने दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल झाली पाहिजे, नाहीतर त्याचे देणे समाजाने फेडले असा अर्थ होतो.

आरोपी सापडला नाही तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार भरपाईचा अर्ज करता येतो. देवणीतील स्त्रीसाठी तो लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि तिथे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो.