दोनशे शहात्तर माणसांचे जेवण



परीक्षा संपल्या. मुलांची दप्तरे माळ्यावर गेली आणि मोठ्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू झाली. मे महिन्यात आपल्या चर्चमधील मागचे बाक रिकामे दिसू लागतात. कोणी गोव्याला जाते, कोणी मालवणला, कोणी दिवला. अलीकडे काही कुटुंबे अंदमान आणि श्रीलंकेपर्यंतही पोहोचली आहेत. याबद्दल मी रागावणार नाही. काम करून थकलेल्या शिष्यांना प्रभू येशूनेच होडीत बसवून एकांतस्थळी नेले होते. माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, असे मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मुद्दाम नमूद करतो. तेव्हा चार दिवस बाहेर जाणे आणि बाहेर जेवणे हे काही पाप नव्हे. घरातल्या ज्या माऊलीला वर्षभर सर्वांना वाढून शेवटी गार भात खावा लागतो, तिच्या पुढ्यात एक दिवस दुसऱ्या कोणी गरम ताट आणून ठेवले, तर तेवढ्यासाठीसुद्धा सहल काढावी.

रविवारच्या मिस्सेविषयी एकच सांगतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. सुट्टीवर असलो म्हणून रविवारच्या मिस्सेचे कर्तव्य टळत नाही. मात्र ते कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, रविवारी किंवा शनिवारी संध्याकाळी पार पाडता येते. भाषा समजत नाही ही सबब चालणार नाही. गोव्यातील कोकणी मिस्सा आपल्याला निम्म्याहून अधिक कळते, आणि उरलेली पाठच असते.

पण आज मला मिस्सेविषयी बोलायचे नाही. मिस्सा संपल्यानंतर दोन तासांनी काय घडते, त्याविषयी बोलायचे आहे. आणि सुरुवात स्वतःपासून करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर गोव्यातील दिवाडी बेटावर गेलो होतो. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले, बहीण, मेहुणे आणि मी असे सात जण. आईला आम्ही घरीच ठेवले. उन्हाचा त्रास होईल, फेरीबोटीत चढता-उतरता येणार नाही, असे सर्वांनी ठरवले. तिला कोणी विचारले नव्हते. करमळी स्टेशनवर उतरलो की जुने गोवे अगदी जवळ. तिथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर जातो. फेरीबोट मांडवी नदी पाच-सात मिनिटांत ओलांडते आणि पलीकडे एकदम शांत होते. दोन्ही बाजूंना खाजणाची शेते, बांध, बगळे आणि समोर टेकडीवर पिएदादचे करुणामातेचे चर्च. आपल्याकडचे वयस्कर लोक तिथे उभे राहिले तर त्यांना पूर्वीची वसई आठवेल.

रविवार होता. सकाळी टेकडीवरच्या चर्चमध्ये आम्ही मिस्सेला गेलो, ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि मग खाली एका घरगुती हॉटेलात जेवायला बसलो. ओसरीवर पाच टेबले, आत स्वयंपाकघरात घरची बाई, आणि बाहेर वाढायला झारखंडहून आलेला एकच मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा असेल. सगळी टेबले भरलेली. आम्ही तिसऱ्यांचे सुके, तळलेला मासा, किसमूर, आमटी-भात असे बरेच काही सांगितले होते. पाऊण तास झाला तरी काही येईना. उकाडा, त्यात मुलांची भुणभुण. शेवटी माझा भाऊ त्या मुलावर ओरडला. किती वेळ लावतोस, आम्ही काय फुकट जेवायला आलोय का, असे सर्वांसमोर बोलला. मी मध्ये पडलो नाही. खरे सांगायचे तर मलाही भूक लागली होती आणि कोणीतरी बोलले याचे बरेच वाटले होते.

ताटे आली. आम्ही हात घातला. तेवढ्यात पुतणी मोठ्याने म्हणाली, "फादरकाका, आज प्रार्थना नाही?"

घरी ती रोज जेवणापूर्वी क्रुसाची खूण करते, म्हणून विचारले. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे पर्यटक होते. मी झग्यात नव्हतो, साध्या टी-शर्टात होतो. त्या क्षणी मला काय वाटले ते या पत्रिकेत लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. मला लाज वाटली. दोन तासांपूर्वी वेदीसमोर उपकारस्तुतीचे बलिदान अर्पण करून आलेला मी धर्मगुरू, चार अनोळखी माणसांसमोर कपाळाला हात लावायला कचरत होतो. मी घाईघाईने, ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटलो. डोळे उघडले तेव्हा तो मुलगा आमटीचे गरम भांडे फडक्यात धरून माझ्या शेजारी उभा होता. आमची प्रार्थना संपण्याची तो वाट पाहत होता. हात भाजत असणार. ज्याच्यावर आम्ही नुकतेच ओरडलो होतो, त्याच्यासमोरच आम्ही देवाचे आभार मानत होतो, आणि त्या आभारांत तो कुठेच नव्हता.

त्या रात्री मी प्रेषितांच्या कृत्यांचे सत्ताविसावे आणि अठ्ठाविसावे अध्याय पुन्हा वाचले. पुनरुत्थानकाळात आपण रोज मिस्सेत याच पुस्तकातून वाचन ऐकतो, पण वादळाचा हा भाग त्यात येत नाही. म्हणून आपल्यापैकी अनेकांना तो परिचयाचा नसतो. घरी अवश्य वाचा. मुलांना गोष्टीसारखा आवडेल.

संत पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात आहे. आलेक्झांड्रियाचे गव्हाने भरलेले जहाज भूमध्य समुद्रात वादळात सापडते. चौदा दिवस कोणी नीट जेवलेले नाही. पहाट होण्याच्या सुमारास पौल सर्वांना म्हणतो की आता काहीतरी खा, तुमच्यापैकी कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. मग तो भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानतो, भाकर मोडतो आणि खाऊ लागतो. ते पाहून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. लूकने इथे ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरले आहे, तेच शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूसाठी वापरले आहे, आणि त्याच शब्दापासून आपल्या मिस्सेला 'युखारिस्त' हे नाव मिळाले. अर्थ साधा आहे: आभार मानणे.

पौल कोणासमोर आभार मानतो ते पाहा. रोमन शिपाई, खलाशी आणि साखळदंडातले कैदी. त्यांच्यातले बहुतेक पौलाच्या देवाला ओळखत नाहीत. पौलाला संकोच वाटत नाही, आणि तो प्रवचनही झोडत नाही. आणि याच ठिकाणी लूक मध्येच एक आकडा सांगतो: जहाजावर आम्ही एकंदर दोनशे शहात्तर माणसे होतो. वादळाच्या वर्णनात हा आकडा कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. दिवाडीच्या त्या टेबलानंतर पडत नाही. पौलाने आभार मानले तेव्हा तिथे असलेला प्रत्येक जण मोजला गेला. त्यात खलाशी होते. ते रात्री होडी सोडून पळून जाणार होते. त्यात शिपाई होते. ते थोड्याच वेळात कैद्यांना ठार मारायला निघणार होते. कोणी वगळला गेला नाही.

जहाज फुटते आणि सर्व जण पोहत, फळ्यांवर तरंगत एका बेटावर पोहोचतात. ते बेट मिलिता, म्हणजे आजचा माल्टा. आजही तिथे १० फेब्रुवारीला संत पौलाच्या जहाजफुटीचा सण होतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. लूक त्या बेटावरच्या लोकांना ग्रीक न बोलणारे परके म्हणतो, आणि लगेच सांगतो की त्यांनी आमच्यावर विलक्षण दया केली. पाऊस पडत होता, थंडी होती, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवून सर्वांना जवळ बोलावले. बेटाचा प्रमुख पुब्ल्य याने तीन दिवस पाहुणचार केला. मग पौलाने काय केले? पुब्ल्याचा बाप ताप आणि आव यांनी आजारी होता. पौल आत त्याच्या खोलीत गेला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि तो बरा झाला. पाहुणा यजमानाच्या घरात फक्त जेवला नाही. आत कोण झोपले आहे, हेही त्याने विचारले.

बेटांनी पाहुण्यांचे दुसरे रूपही पाहिले आहे, हे आपण ख्रिस्ती लोकांनी प्रामाणिकपणे मान्य करावे. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात पाडले गेले. नदीपलीकडे, डिचोलीजवळच्या नार्वे गावी, शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच देवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पाहुणे म्हणून आलेले मालक झाले. आणि त्याच दिवाडीवर १६७६ साली फादर जाकोम गोन्साल्विस जन्मले. ते १७०५ साली श्रीलंकेत गेले. तिथे डच सत्तेखाली कॅथलिकांचा छळ होत होता. त्यांनी तिथल्या लोकांची भाषा आत्मसात केली, सिंहली व तमिळमध्ये ग्रंथ लिहिले आणि १७४२ साली त्याच बेटावर देह ठेवला. एका बेटाचा मुलगा दुसऱ्या बेटाला काय देऊन गेला, हे तिथले ख्रिस्ती आजही विसरलेले नाहीत.

आता जरा आपल्या दाराशी या. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, सुरुची बाग. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्या आपण पाहतो. आपल्यातील काहींची घरे त्यांच्यावर चालतात. कोणी खोल्या भाड्याने देतो, कोणाची आई पाहुण्यांसाठी जेवण रांधते. त्या लोकांविषयी आपण घरी काय बोलतो? बाटल्या टाकून जातात, मोठमोठ्याने गाणी लावतात, पोरींशी नीट बोलत नाहीत, अन्न अर्धे टाकतात आणि बिलावरून भांडतात. सगळे खरे आहे. आपण नेहमी सहलीला जाणारेच नसतो; आपण कोणाच्या तरी सहलीचे ठिकाणही असतो. म्हणून दुसऱ्याच्या बेटावर गेल्यावर कसे वागू नये, हे वसईकरांना कोणी शिकवायची गरज नाही. मे महिना हाच त्या लोकांचा कमाईचा काळ असतो. जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, पाऊस लागतो आणि ओसरीवरची टेबले आत जातात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून प्रार्थना करण्याची प्रथा पुन्हा जागी करण्यास सर्वांना सांगितले आहे. ज्यांच्या श्रमांतून हे अन्न आपल्यापर्यंत आले, त्यांचेही आभार या प्रार्थनेत असतात, असे ते लिहितात. तेव्हा या सुट्टीत हॉटेलात बसाल तेव्हा क्रुसाची खूण करा, मोठ्याने नको पण लपूनही नको. त्याआधी वाढणाऱ्या मुलाचे नाव विचारा. आणि त्याच्यावर ओरडला असाल, तर आधी त्याची माफी मागा आणि मग डोळे मिटा. वेदीकडे येण्याआधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले आहे. तोच नियम हॉटेलच्या टेबलालाही लागू करायला हरकत नाही. मुले पाहत असतात. माझ्या पुतणीने पाहिले होते.

भावाचेही सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. जेवण झाल्यावर तो उठून त्या मुलाकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "तो सकाळपासून एकटाच आहे. दुसरा मुलगा तापाने आत पडलाय. चारशिवाय जेवायला मिळत नाही त्याला." मग वहिनी म्हणाली, "आईला फोन केला का कोणी?" कोणी केला नव्हता. फोनवर आईने एवढेच विचारले, "जेवलात का सगळे?"

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा दिवाडीला गेलो, त्या वेळी आठ जण होतो. फेरीबोटीत चढायला आईला खलाशाने हात दिला, आणि उन्हाची तक्रार तिने नाही, आम्हीच केली. त्याच ओसरीवर बसलो. तो मुलगा नव्हता, गावी गेला होता. आईने पहिला घास घेतला, आमटीत काय घातले आहे ते तिला कळेना, म्हणून ती ताट सोडून सरळ स्वयंपाकघरात गेली. तिरफळ होते. आई कादोडी बोलत होती, ती बाई कोकणी बोलत होती, आणि अर्धा तास झाला तरी दोघी बाहेर यायचे नाव घेईनात. पुतणी उठून त्यांना बोलवायला गेली तर तीही आतच बसली. प्रार्थनेसाठी आम्ही थांबलो होतो. आमटी पार निवली.